पांढरी मिनिटं

“एक्केचाळीस मिनिटं?”

पौर्णिमा देवगडेनं मोबाईलवरचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची वेळ आलीच नाही, कारण तोवर तिचा नवरा विलास मागून डोकावून मोठ्यानं वाचायला लागला होता.

“शुश्रूषा सहाय्य योजना, चंद्रपूर केंद्र. काळजीवाहक, पौर्णिमा विलास देवगडे. ज्येष्ठ व्यक्ती, सासू, वय अठ्ठ्याहत्तर, अंथरुणाला खिळलेल्या. सेवाकड्याने नोंदवलेला रोजचा सरासरी भार, एक्केचाळीस मिनिटे. खाटेजवळची विश्रांती, चार तास पस्तीस मिनिटे. किमान भार तीन तास आवश्यक. सबब विसावा नामंजूर.” वाचून तो थांबला. मग जे बोलू नये तेच बोलला. “चार तास पस्तीस मिनिटं विश्रांती? मी तं समजून राहिलो होतो का तू दिवसभर आईच्या मागं असतेस.”

“मग कुठं असते मी? सिनेमाले?”

“मी कुठं काय म्हणून राहिलो? मशीन म्हणून राहिलं.”

आतल्या खोलीतून शकुंतलाबाईंचा आवाज आला. डावी बाजू लुळी पडून सहा वर्षं झाली होती. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. “विल्या, मशीनले म्हणा, ये, मले उचलून दाखव!”

विलास वीजकेंद्रात ऑपरेटर. आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवून पगार घेतलेला माणूस. काटा एकशेवीस म्हणाला की एकशेवीस. बायको काय म्हणते आणि काटा काय म्हणतो यात निवड करायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि तो काट्याच्या बाजूनं उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसापासून चहा घेताना तो तिच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागला, आणि ती नजर पौर्णिमाला पत्रापेक्षा जास्त झोंबली.

कायदा २०३९ साली झाला तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्यांत पौर्णिमाही होती. का वाजवू नयेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं जे करतात त्यांच्याही शरीराला शरीर म्हणतात, हे सरकारच्या ध्यानात यायला एवढी वर्षं लागली. आता शुश्रूषा करणाऱ्याला वर्षातून पंधरा दिवस ‘विसावा’ मिळणार होता. पंधरा दिवस शिकलेली सेविका घरी येऊन राहणार, आणि तुम्ही जा, कुठं जायचं तिथं जा.

पौर्णिमाला कुठं जायचं हे पक्कं ठाऊक होतं. जंगलात.

ती ताडोबाची गाईड होती. अकरा वर्षं. जिप्सीत पुढच्या सीटवर उभी राहून, मातीत उमटलेल्या ठशावरून वाघीण कधी गेली, पोटुशी आहे का, डावा पाय दुखावलाय का, हे सांगणारी. सासूबाई पडल्या आणि पौर्णिमा घरात आली ती आलीच. सहा वर्षांत तिनं जंगलाचं फाटकसुद्धा बघितलं नव्हतं. आणि आता नवीन नियमानं जुन्या गाईडांना बारा दिवसांचं शिबिर सक्तीचं झालं. शिबिराला या, नाहीतर परवाना कायमचा रद्द. शिबिर सुरू व्हायला आता नऊ दिवस होते.

पंचेचाळिसाव्या वर्षी परवाना गेला की गेला. पुन्हा परीक्षेला बसायची वयोमर्यादा चाळीस.

*

विसावा खऱ्या गरजवंताला मिळावा, खोटारड्यांनी लुटू नये, म्हणून सेवाकडं आलं होतं. यंत्र हुशार होतं, त्यात वाद नाही.

स्नायू आवळला की त्यात बारीक विजेच्या लहरी उठतात. ताज्या स्नायूच्या लहरी भराभर येतात. स्नायू थकला की त्यांचा वेग उतरतो, वाजून वाजून सैल झालेल्या तारेसारखा. कड्याच्या आतल्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या सोळा घुंड्या होत्या. त्या मनगटाला टेकून या लहरी ऐकायच्या. हातात पिशवी आहे की माणूस, हे त्यांना लहरींवरून कळायचं. जोडीला घामातलं कॉर्टिसॉल, म्हणजे जीव ताणाखाली असला की अंगात वाढणारं द्रव्य, तेही मोजलं जायचं. आणि तुम्ही खरोखर म्हाताऱ्या माणसाजवळच आहात ना, हे तपासायला त्याच्या गादीखाली रुपयाएवढा एक बिल्ला शिवलेला. बिल्ल्यापासून दोन मीटरच्या आत केलेले श्रम तेवढे खरे. बाकी सगळं सरकारच्या लेखी हवा.

जीव धोक्याच्या पातळीवर ताणला गेला तर कडं गोड बाईच्या आवाजात बोलायचंसुद्धा. “भार मर्यादेबाहेर. कृपया विसावा घ्या.” पौर्णिमाच्या कड्यानं सहा महिन्यांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लीलाचं मात्र दिवसाला तीनदा बोलायचं. लीला सासऱ्याच्या खाटेला टेकून बसायची आणि चटणी कुटायची. तिला विसावा मंजूर झाला होता. ती माहेरी जाऊन आलीदेखील.

“तूही कूट,” लीलानं प्रेमानं सल्ला दिला. “दोन किलो मिरची कुटली का तीन तास भरते. म्हातारे शिंकतात थोडे, पण चालते.”

पौर्णिमा हसली. मग घरी येऊन कड्याकडे बघत बसली. कुटायचं कशाला? मी तर खरंच उचलते. मग हे मुकं का?

*

उत्तर तिला सकाळी सात चाळीसला सापडलं, आणि सापडल्यावर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दर दोन तासांनी शकुंतलाबाईंना कुशीवर वळवायचं. डावी कूस, मग पाठ, मग उजवी. नाही वळवलं तर पाठ सडते. हे पौर्णिमाला शिकवलं खुद्द शकुंतलाबाईंनी. त्या एकतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात आया होत्या. हजारो माणसं त्यांनी वळवली, पुसली, धुतली. लुळ्या पडल्यावर आठव्या दिवशीच त्यांनी सुनेचा हात धरून पहिला धडा दिला होता. “म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी रायते पोरी. बांगडी घासली तरी फाटते, मग दोन-दोन महिने भरत नाही. हातातलं सगळं काढून ठेव.”

“बांगड्या पण? लोक काय म्हणतील?”

“माझा पोरगा तुझ्या बांगड्यांवर जिवंत नाही. काढ.”

तेव्हापासून वळवायच्या, पुसायच्या, आंघोळ घालायच्या आधी हातातलं सगळं खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत पडायचं. बांगड्या, घड्याळ. आणि सहा महिन्यांपासून, सवयीनं, विचारही न करता, सरकारी कडं.

त्या सकाळी कडं वाटीत पडल्याचा टण्ण आवाज आला आणि पौर्णिमा वाटीकडे बघतच राहिली.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “मी महामूर्ख आहे.”

“ते मले लग्नातच समजलं होतं. आज काय झालं?”

तिनं सांगितलं. शकुंतलाबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मग आता घालून वळव. आठवडाभराचा आकडा भरला का पुन्हा अर्ज कर. काय होते मले?”

“तुमची कातडी—”

“माझी कातडी माझी आहे. तुझा परवाना तुझा आहे. घाल म्हटलं न!”

पौर्णिमानं कडं घातलं. त्या दिवशी वळवलं, पुसलं, उचललं, सगळं कडं घालून. रात्री आकडा आला, चार तास बावीस मिनिटं. तिला अंगणात नाचावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेचार तास. विलास चहाचा कप ठेवून म्हणाला, “पाहा, मनावर घेतलं का होते.” तिला हातातलं उलथणं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पण आकडा येत होता, म्हणून तिनं तेही गिळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चादर बदलताना तिला लाल डाग दिसला. दंडाखाली आतल्या बाजूला बोटभर लांबीची कातडी सोलून निघाली होती. कड्याच्या घुंड्यांच्या ओळीत. जखम सकाळची होती. कडा सुकल्या होत्या. म्हणजे सकाळी फाटली, आणि दुपारपर्यंत ही बाई एक शब्द बोलली नव्हती.

“आत्याबाई, हे काऊन नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तं कडं काढलं असतंस.” म्हातारी छताकडे बघत बोलली. “किती झाले मिनिटं आजचे?”

पौर्णिमा खाटेच्या कडेवर बसली. डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला. असा राग की कानशिलं तापली. यंत्र मोजत होतं ते श्रम नव्हते. यंत्र मोजत होतं, या बाईच्या अंगाला तू किती निष्काळजीपणे हात लावतेस. जितकं जपशील तितकी तू आळशी. जितकं ओरबाडशील तितकी तू गुणी. आणि असलं यंत्र बनवणाऱ्या, तपासणाऱ्या, सही करणाऱ्या एकाही शहाण्यानं आयुष्यात एक म्हातारं माणूस कुशीवर वळवलेलं नव्हतं. वळवलं असतं तर पहिल्या दिवशीच कडं काढून ठेवलं असतं!

तिनं कडं वाटीत टाकलं. जखम धुतली, मलम लावलं, आणि केंद्रात फोन लावला.

“मला सुनावणी पाहिजे.”

“मॅडम, अपिलाची मुदत—”

“उद्या येते.”

*

दुसऱ्या दिवशी विलासनं सुट्टी टाकली. टाकली म्हणजे, तिनं टाकायला लावली. निघताना तिनं त्याला एकच सांगितलं, “नऊ चाळीस, अकरा चाळीस. आईले वळवायचं. समजलं?”

“आता तेवढं नाही येत का मले?”

शुश्रूषा केंद्राचे अधिकारी खानोरकर साहेब म्हणजे नीटनेटका, घाई नसलेला माणूस. त्यांच्या टेबलाच्या बाजूला फैजान बसायचा. यंत्रं, नकाशे, आकडे सगळं त्याच्या हातात. तिशीचा, डोळ्यांखाली काळं, बोलायला मऊ.

“हे पाहा ताई,” खानोरकर म्हणाले, “यंत्र नातं बघत नाही, ओळख बघत नाही. म्हणूनच तर आणलं. आकडा म्हणजे आकडा.”

“मला आकडा नको. आकडा जिथून आला ते दाखवा.”

फैजाननं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खांदे उडवले. भिंतीवरच्या पडद्यावर पौर्णिमाचा एक दिवस उमटला. डावीकडून उजवीकडे चोवीस तासांची लांब पट्टी. हिरवं म्हणजे काम. पिवळं म्हणजे ये-जा. पांढरं म्हणजे विश्रांती.

पौर्णिमा उठून पडद्याजवळ गेली. सहा वर्षांनी तिच्या मानेवरचे केस पुन्हा तसे उभे राहिले, जसे जंगलात ताजा ठसा दिसल्यावर उभे राहायचे. तिनं पट्टीवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं.

“साहेब, तुम्ही कधी माग काढला वाघाचा?”

“इथं त्याचा काय संबंध?”

“ठसे मातीत उमटतात. मग खडक येतो न, ठसे थांबतात. टुरिस्ट म्हणतात, गेला वाघ. वाघ कुठं जाते? खडकावरून चालत असते तो. जिथं ठसा नाही तिथं वाघ नाही असं समजणारा माणूस जंगलात जास्त दिवस टिकत नाही.” तिचं बोट एका पांढऱ्या पट्ट्यावर थांबलं. “पाच चाळीस. अठरा मिनिटं पांढरं. हे पुढचं, सात चाळीस. पुन्हा अठरा. नऊ चाळीस. अकरा चाळीस. एक चाळीस. रात्रीसुद्धा, पाहा. मला सांगा, दुनियेत कोण असा माणूस आहे जो रात्रंदिवस दर दोन तासांनी, घड्याळ लावून, बरोबर अठरा मिनिटं आराम करते? तेही खाटेला चिकटून!”

फैजान खुर्चीत सरळ बसला.

“ही विश्रांती कशावरून ठरते?” तिनं त्याला विचारलं.

“कातडीचा स्पर्श सुटला की…” तो अडखळला. “कडं हातातून निघालं आणि तरी बिल्ल्याजवळ राहिलं, की यंत्र ते विश्रांतीत टाकतं. म्हणजे, आम्ही टाकायला सांगितलंय. आम्हाला वाटलं, माणूस आराम करताना काढून ठेवेल.”

“तुम्ही काढून ठेवता आराम करताना. आम्ही काढतो कामाला हात लावताना.” मग तिनं सगळं सांगितलं. वाटी, बांगड्या, कांद्याचा पापुद्रा, दंडावरची जखम.

खानोरकरांनी कपाळ पुसलं. “ताई, तुमचं म्हणणं पटतं मला. पण म्हणणं हा पुरावा नाही होत.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. विलास. तिनं स्पीकर लावला, रागाच्या भरात.

“अगं पौर्णिमा!” विलास धापा टाकत होता. “अकरा चाळीस झाले. आई म्हणते घड्याळ काढ, काढलं. अंगठी काढ, काढली. आता हात कुठं घालू? नऊ चाळीसले कसंबसं केलं तं माझी कंबर धरली!”

मागून शकुंतलाबाई ओरडल्या, “खांद्याखाली घाल रे, बगलेत काय घालतोस! माणूस आहे मी, सिलेंडर नाही!”

“थांबा,” फैजान अचानक ओरडला. “फोन ठेवू नका. दादा, वळवा त्यांना. आत्ता वळवा!”

तो कळफलकावर तुटून पडला. गादीखालच्या बिल्ल्याचं दुसरंही एक काम होतं, जे सगळे विसरून गेले होते. म्हातारं माणूस खाटेवरून पडलं तर कळावं म्हणून त्यात हालचाल मोजायची सोय होती. ती नोंद कोणी कधी उघडूनच बघितली नव्हती. फैजाननं ती पट्टीखाली ओढून आणली. एक सरळ रेषा. फोनवर विलास कण्हला, “हं… आई, धर… हं!” आणि पडद्यावरची रेषा उसळली. डावीकडे कलली, थरथरली, पुन्हा उसळली. इथं कण्हणं, तिथं उसळी.

“झालं,” विलास म्हणाला. आणि मग फार खालच्या आवाजात, जणू खोलीत दुसरं कोणी नाही असं समजून, म्हणाला, “तू हे रोज बारा वेळा करतेस?”

पौर्णिमानं फोन बंद केला.

फैजाननं आता तिचे सहा महिने एकाखाली एक लावले. वर कड्याची पट्टी, खाली खाटेची रेषा. जिथं जिथं वर पांढरं, तिथं तिथं खाली खाट हललेली. एकही पांढरी जागा सुटली नाही. “साहेब,” तो उठून उभा राहिला, “जिल्ह्यातले सगळे नामंजूर अर्ज लावू?”

“लाव,” खानोरकर म्हणाले. त्यांच्या आवाजातला नीटनेटकेपणा कुठं गेला होता कोण जाणे.

सहाशे बारा पट्ट्या पडद्यावर उतरल्या. सहाशे बारा माणसं, कोणी बल्लारपूरचं, कोणी मूल गावचं, कोणी राजुऱ्याचं. बायका, काही पुरुषही. एकमेकांची तोंडं न बघितलेली. आणि सगळ्यांच्या दिवसावर तेच पांढरे पट्टे, दर दोन तासांनी. कोणाचे दहा मिनिटांचे, कोणाचे वीस. जणू एकाच प्रचंड जनावराची पाठ भिंतीवरून चालत गेली. हे सगळे सरकारच्या दप्तरात आळशी होते. हे सगळे हातातलं काढून ठेवून म्हाताऱ्यांना हात लावत होते.

“पाहा साहेब,” पौर्णिमा म्हणाली. तिचा आवाज आनंदानं चिरकला. “एवढं मोठं जनावर तुमच्या ऑफिसात बसलं होतं आणि तुम्ही म्हणत होते, जंगल रिकामं आहे!”

खानोरकरांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, “वर कळवावं लागेल.”

“कळवा. मी इथंच बसते. शिबिर सोमवारी आहे.”

“ताई, वरून उत्तर यायला महिना—”

“नियम चौदा,” फैजान मध्येच म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. फैजान बसला नाही. “मोजणीत दोष दिसला तर केंद्राधिकारी स्वतःच्या सहीनं विसावा देऊ शकतो. वापरला नाही आजवर कोणी. पण आहे.”

“सहाशे बारा लोकांना?”

“सर, सुरुवात एकीपासून करा. बाकीच्यांची यादी मी तुमच्या जेवणापर्यंत आणतो.”

खानोरकरांनी सही करायला हात पुढे केला, थबकले, आणि मनगटावरचं जाडजूड घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग सही केली.

*

रविवारी सकाळी सेविका आली. वंदना नावाची, दणकट हातांची. शकुंतलाबाईंनी तिला दारातूनच न्याहाळलं. “हातात काय आहे तुझ्या?”

“धागा आहे आजी, देवाचा.”

“देवाले म्हणा, तिथं वाटीत बस जराक वेळ.”

वंदनानं मुकाट्यानं धागा सोडला. म्हातारीनं मान डोलावली आणि सुनेकडे वळली. “जाय आता. उभी काय राहिलीस? आणि वाघ दिसला तं मले फोटो पाठव. माणसं पाहू पाहू कंटाळली मी.”

विलासनं बॅग स्वतः उचलली. बसस्टँडपर्यंत तिला हात लावू दिला नाही. बस आली तेव्हा म्हणाला, “पंधरा दिवस मी पण रजा टाकली आहे. अर्ध्या वेळा मी वळवीन. आई शिकवून राहिली.” मग जरा थांबून, “कंबर दुखते, पण येऊन राहिलं.”

“हं,” पौर्णिमा म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. पण खिडकीतून हात मात्र दाखवला.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता जिप्सी तळ्याच्या वळणावर थांबली. मागे शिबिरातले पाच गाईड, पुढे पौर्णिमा. वानर ओरडलं. मग सांबर. तिनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. बांबूच्या बेटात एक फांदी वाकली, आणि पिवळी-काळी पाठ उन्हात आली. वाघीण. मागून दोन पिल्लं, धडपडत.

“भार मर्यादेबाहेर,” पौर्णिमाच्या मनगटावरून गोड आवाज आला. “कृपया विसावा घ्या.”

सवयीनं कडं हातातच राहून गेलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा बोललं, तेही इथं! मागे कोणीतरी हसू दाबलं. वाघिणीचे कान वळले. पौर्णिमालाही हसू फुटत होतं, ऊर धडधडत होता, पण हात स्थिर होता. तिनं अलगद कडं सोडलं आणि खिशात टाकलं.

काम सुरू झालं होतं.